शाळेसाठी मुलांचा लॅपटॉप: काय बघून घ्यायचा आणि कशाला भुलायचं नाही

शाळेसाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘कुठल्या कंपनीचा घ्यायचा?’ खरं तर हा प्रश्न अगदी शेवटी आला तरी चालतो. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि मधल्या श्रेणीत जेवढं अंतर असतं, तेवढं दोन नावाजलेल्या कंपन्यांच्या एकाच श्रेणीतल्या मॉडेलांत सहसा नसतं. त्याआधी ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

निवड करताना एक कसोटी हाताशी ठेवा: जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घाला. स्क्रीन, वजन, कीबोर्ड, बिजागरी आणि बोर्डवरच पक्की बसवलेली रॅम (चालू कामं तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती) या गोष्टी घेतल्या त्या दिवशी जशा असतात तशाच शेवटपर्यंत राहतात. माउस, हेडफोन, बॅग, पेन ड्राइव्ह आणि बऱ्याच मॉडेलांत एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क) सुद्धा पुढे कधीही घेता येते. जाहिरातीत नेमकं उलटं दिसतं. प्रोसेसरचं नाव ठळक अक्षरांत, सोबत फुकट बॅग आणि माउस, आणि स्क्रीन कोणत्या प्रकारची आहे हे कुठेतरी तळाशी बारीक अक्षरांत.

पायरी १: शाळेकडून लेखी यादी मागा

वर्गातल्या इतर मुलांकडे काय आहे यावरून अंदाज बांधू नका. बऱ्याच शाळांकडे किमान अपेक्षांची यादी तयार असते. नसेल तर संगणक विभागाला ईमेल करून एवढं विचारा:

- कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालते? विंडोज, मॅकओएस, क्रोमओएस, की यातली कोणतीही?
- परीक्षा लॅपटॉपवर होते का? होत असेल तर कोणत्या प्रोग्राममधून?
- एखाद्या विषयासाठी ब्राउझरच्या बाहेरचं, लॅपटॉपवर इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर लागतं का?
- रोज आणायचा की ठरावीक दिवशी? वर्गात चार्जिंगची सोय आहे का?
- लॅपटॉप शाळेच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदवावा लागेल का?

परीक्षेचा प्रश्न अनेकांच्या लक्षात येत नाही आणि तोच सगळ्यात महाग पडू शकतो. परीक्षेच्या वेळी बाकी सगळं बंद करून ठेवणारे खास ब्राउझर असतात आणि ते प्रत्येक यंत्रावर चालतातच असं नाही. उदाहरणार्थ, सेफ एक्झाम ब्राउझरच्या आवृत्त्या विंडोज, मॅक आणि आयपॅडसाठी आहेत, क्रोमबुकसाठी नाही. शाळा हाच ब्राउझर वापरत असेल तर क्रोमबुक कितीही आवडलं तरी विषय तिथेच संपतो.

शेवटचा प्रश्नही हलक्यात घेऊ नका. लॅपटॉप शाळेच्या व्यवस्थापनाखाली गेला की कोणती ॲप चढतील आणि कोणत्या साइट उघडतील हे शाळा ठरवू शकते, काही वेळा घरच्या वायफायवरसुद्धा. त्यात वावगं काही नाही, पण तोच लॅपटॉप संध्याकाळी घरातल्या इतर कामांसाठी वापरायचा बेत असेल तर आधी माहीत असलेलं बरं. शाळा बदलताना ही नोंद कोण काढून देणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

पायरी २: कोणत्या वयासाठी आणि किती वर्षांसाठी

प्राथमिक वर्गातल्या मुलाचं काम बहुतेक ब्राउझरमध्येच चालतं: व्हिडिओ पाहणं, सरावाचे खेळ, स्क्रॅचमधलं ब्लॉक जोडून केलेलं प्रोग्रामिंग, थोडं टायपिंग. इथे वेगापेक्षा दणकटपणा आणि हलकेपणा महत्त्वाचा. ११ ते १४ च्या वयात लिखाण वाढतं, सादरीकरणं येतात, एकाच वेळी पंधरा-वीस टॅब उघडे राहू लागतात. त्यापुढे पायथॉन, व्हिडिओ संपादन, आराखडे काढण्याची सॉफ्टवेअर असं काहीबाही येतं आणि यंत्राची ताकद खरोखर लागते.

म्हणून पहिलीतल्या मुलासाठी ‘दहावीपर्यंत पुरेल असा’ लॅपटॉप शोधण्याचा हट्ट सोडावा. लहान मुलाच्या हातातलं यंत्र इतकी वर्षं धड राहण्याची शक्यता कमीच, आणि राहिलं तरी तोवर गरजच बदललेली असते. लहानपणी साधं, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपं. माध्यमिकला आल्यावर चांगलं, चार-पाच वर्षं टिकेल असं. दोन टप्प्यांत केलेला खर्च मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

पायरी ३: ऑपरेटिंग सिस्टिम

शाळेने मोकळीक दिली असेल तरच हा निर्णय तुमच्या हातात आहे. तिन्ही पर्यायांचे स्वभाव वेगळे आहेत.

विंडोजवर जवळपास सगळंच चालतं, हीच त्याची ताकद. अडचण अशी की अगदी दुबळ्या यंत्रांवरही ते बसवून विकलं जातं आणि मग लॅपटॉप नवा असूनही रखडतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे आता घ्यायचं ते विंडोज ११ चालणारंच. काही स्वस्त लॅपटॉपवर विंडोज ‘एस मोड’मध्ये येतं, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चढतात. शाळेचं एखादं सॉफ्टवेअर चढेना तर आधी हे तपासा. एस मोडमधून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, मात्र एकदा बाहेर पडलात की परत जाता येत नाही.

क्रोमबुक लहान मुलांसाठी उत्तम, असं माझं स्पष्ट मत आहे. झटकन सुरू होतं, अपडेट गुपचूप होतात, बिघडलं तर पुसून पुन्हा कोरं करायला काही मिनिटं पुरतात. फोटोशॉपची पूर्ण आवृत्ती किंवा विंडोजचे इतर प्रोग्राम मात्र त्यावर चढत नाहीत. आणखी एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. २०२१ पासून आलेल्या क्रोमबुकना गूगल १० वर्षं आपोआप अपडेट देतं, पण ही दहा वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून मोजत नाहीत. ते हार्डवेअर पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. तीन-चार वर्षांपूर्वीचं मॉडेल आज ‘नवं’ म्हणून घेतलं तर तेवढी वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. प्रत्येक मॉडेलची अपडेट संपण्याची तारीख गूगलच्या मदत पानांवर दिलेली आहे, आणि यंत्राच्या सेटिंग्जमध्येही दिसते. ती बघितल्याशिवाय क्रोमबुक घेऊ नका.

क्रोमबुकमध्ये ‘क्रोमबुक प्लस’ अशी वरची श्रेणी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्या शिक्क्यासाठी किमान ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, फुल एचडी आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग न उडणारी) स्क्रीन आणि १०८०पी कॅमेरा लागतो. फार खोलात शिरायचं नसेल तर हा शिक्का पाहून घेतलेलं बरं.

मॅकबुकची बॅटरी आणि बांधणी चांगली, विकताना किंमतही बऱ्यापैकी येते. दुरुस्ती महाग, आणि रॅम किंवा साठवण नंतर वाढवता येत नाही. जुना मॅक घेण्याचा विचार असेल तर एक लक्ष्मणरेषा आखून घ्या: इंटेल प्रोसेसरचा मॅक नको. ॲपलने २०२० च्या अखेरीस एम१ हा स्वतःचा प्रोसेसर आणला आणि मॅकओएस २६ ही इंटेल मॅकना मिळणारी शेवटची आवृत्ती असल्याचं जाहीर केलं आहे. एम१ किंवा त्यापुढचाच बघा.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीत फार सरस आहेत. त्यांची रचना मात्र इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी असल्यामुळे काही परीक्षा-प्रोग्राम, जुने प्रिंटर आणि प्रयोगशाळेतली उपकरणं त्यांच्याशी जुळत नाहीत. शाळेने ‘चालेल’ असं लिहून दिलं तरच घ्या.

पायरी ४: रॅम, साठवण, प्रोसेसर, याच क्रमाने

मुद्दाम हा क्रम लिहिला आहे, कारण दुकानात तो उलटा ऐकू येतो.

रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको. माध्यमिक वर्गासाठी विंडोज घेत असाल तर १६ जीबी घ्या, विशेषतः रॅम बोर्डवर पक्की बसवलेली असेल तर. ‘नंतर वाढवू’ म्हणण्याआधी मॉडेलच्या तपशीलपत्रात रॅमचा रिकामा स्लॉट आहे का ते वाचा. पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा नसतो.

साठवणीत एकच मोठा सापळा आहे: ईएमएमसी. नावात ‘फ्लॅश स्टोरेज’ वगैरे लिहिलेलं असतं, पण ही साठवण एसएसडीपेक्षा बरीच मंद आणि बोर्डवर पक्की असते. ६४ जीबी ईएमएमसीवर विंडोज ११ बसतं, कारण मायक्रोसॉफ्टची किमान अट तेवढीच आहे. पण पहिल्याच मोठ्या अपडेटला जागा अपुरी पडते आणि मग मूल फाइली पुसत बसतं. विंडोजसाठी २५६ जीबी एसएसडी ही खालची पायरी समजा. क्रोमबुकवर ६४ जीबीत भागतं. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप मुलासाठी घेऊच नये. ती मंद तर असतेच, शिवाय आत फिरणारे भाग असल्याने दप्तर आपटलं की माहितीसकट जाऊ शकते.

आता प्रोसेसर. इथे नावांचा इतका गोंधळ आहे की जाणकारही चकतात, म्हणून दोन उदाहरणं सविस्तर देतो.

इंटेलने २०२३ मध्ये एन मालिका आणली: एन१००, एन२०० वगैरे. सेलेरॉन आणि पेंटियम ही जुनी नावं लॅपटॉपमधून गेली ती त्याच सुमारास. एन१०० मध्ये चार लहान, वीज वाचवणारे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत. क्रोमबुकला तो पुरतो. विंडोजवर लिखाण-वाचन निभावतं, पण व्हिडिओ कॉल चालू असताना दहा टॅब उघडले की धापा टाकू लागतो. याच कुटुंबातला एक प्रोसेसर ‘कोअर आय३-एन३०५’ या नावाने विकला जातो. त्याचे आठही कोअर लहानच आहेत. तो वाईट मुळीच नाही, पण ‘कोअर आय३-१२१५यू’ या नावातल्या आय३शी त्याची बरोबरी करू नका. त्यात दोन मोठे आणि चार लहान कोअर आहेत. तेव्हा ‘आय३ आहे’ एवढ्यावर थांबू नका, पुढचं पूर्ण नाव वाचा.

एएमडीचं कोडं वेगळं आहे. रायझनच्या ७००० मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक आतली रचना किती नवी ते सांगतो. ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तीन नावं बघा. तिघांच्याही आधी ‘रायझन ५’ लिहिलेलं असतं. पहिल्यात झेन २, दुसऱ्यात झेन ३, तिसऱ्यात झेन ४ रचना आहे, आणि झेन २ ही मूळची २०१९ ची. ‘रायझन ५’ ऐकून घेतलेला ७५२०यू त्यामुळे अपेक्षेपेक्षा बराच मागे पडतो. शिवाय त्याच्याबरोबरची रॅम नेहमी बोर्डवर पक्कीच असते.

एवढं डोक्यात ठेवायचं नसेल तर साधा उपाय आहे. प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून आणा आणि दुसऱ्या पर्यायाच्या नावाबरोबर ते शोधयंत्रात टाका. तुलनेचे आकडे दोन मिनिटांत मिळतात.

‘एआय लॅपटॉप’ या शिक्क्याबद्दलही थोडं. मायक्रोसॉफ्टचा ‘कोपायलट प्लस’ हा शिक्का मिळवायला सेकंदाला ४० लाख कोटी गणितं करणारा खास एआय-भाग प्रोसेसरमध्ये लागतो. शालेय अभ्यासातली एआय साधनं बहुतेक ब्राउझरमधून, दूरच्या सर्व्हरवर चालतात. त्यांना हा भाग लागत नाही. शिक्क्यासाठी जास्त पैसे देऊ नका. त्या लॅपटॉपमध्ये किमान १६ जीबी रॅम मिळते, हा मात्र खरा फायदा.

गेमिंग लॅपटॉपची मागणी घरातून येणारच. ‘अभ्यासालाही चालेल’ हा युक्तिवादही तयार असतो! चालतो, यात शंका नाही. पण वजन दोन-सव्वादोन किलोच्या पुढे, चार्जर विटेएवढा, बॅटरी शाळेचा दिवस क्वचितच काढते आणि शांत वर्गात पंख्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. रोज दप्तरातून न्यायचा असेल तर ठामपणे नाही म्हणा.

पायरी ५: स्क्रीन, कीबोर्ड आणि अंगकाठी

मूल दिवसातले काही तास या स्क्रीनकडे बघणार आहे. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंची स्क्रीन आता टाळाच. अक्षरं फाटल्यासारखी दिसतात आणि पानाचा फारच थोडा भाग एका वेळी मावतो. अपवाद एकच, अगदी लहान मुलासाठीचं ११ इंचांचं दणकट क्रोमबुक. बाकी सगळीकडे १९२० गुणिले १०८० किंवा त्याहून जास्त, आणि पॅनेल आयपीएस. टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलमध्ये मान जरा वर-खाली झाली की रंग उडतात. दोन मुलं एका स्क्रीनवर मिळून काम करतात तेव्हा बाजूच्याला धड दिसत नाही.

उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्स घरात पुरतात, खिडकीजवळच्या बाकावर अपुरे पडतात. ३०० किंवा जास्त असतील तर उत्तम. तपशीलपत्रात ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार हे धरून चाला. लिखाणाला त्याने अडत नाही, चित्रकलेची आवड असलेल्या मुलाला खटकेल. चकचकीत काचेपेक्षा मॅट पृष्ठभाग बरा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब डोळ्यांवर येत नाही.

आकार १३ ते १४ इंच हा बहुतेक मुलांसाठी सुवर्णमध्य. १५.६ इंचांचा लॅपटॉप शाळेच्या बाकावर वही ठेवायला जागाच सोडत नाही. उंचीला थोडी जास्त असलेली १६:१० प्रमाणातली स्क्रीन मिळाली तर अवश्य घ्या. वाचताना सारखं खाली सरकावं लागत नाही.

वजनाचं गणित घरीच करा. दप्तराचं एकूण वजन मुलाच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. ३० किलोच्या मुलासाठी म्हणजे तीन ते साडेचार किलो, आणि त्यात पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली सगळं आलं. लॅपटॉप पावणेदोन किलोचा आणि चार्जर पाव-अर्धा किलोचा असेल तर निम्मी मर्यादा तिथेच संपते. १.४ किलोच्या आसपासचा लॅपटॉप शोधण्यासाठी थोडं जास्त हिंडावं लागलं तरी हिंडा. मूल रोज ते वाहणार आहे.

दणकटपणाच्या जाहिरातीत ‘एमआयएल-एसटीडी-८१०एच’ असा भारदस्त शब्द दिसतो. अमेरिकी संरक्षण विभागाची ती चाचण्यांची पद्धत आहे. पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी स्वतः निवडते आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारी मध्यवर्ती संस्था नाही. म्हणून ‘मिलिटरी ग्रेड’वर विसंबू नका, किती उंचीवरून पाडून पाहिला, कीबोर्डवर किती पाणी सांडलं तर निभावतो, हे आकडे कंपनीने दिलेत का ते बघा. विद्यार्थ्यांसाठी खास बनवलेल्या मॉडेलांत रबरी कडा आणि पाणी सहन करणारा कीबोर्ड असतो. दिसायला जाडजूड, पण लहान वयात याहून उपयोगी खर्च नाही.

लहान हातांसाठी आकड्यांचा वेगळा भाग नसलेला कीबोर्ड बरा. टायपिंगची जागा मधोमध येते. देवनागरी टायपिंगची सोय सगळ्या प्रमुख सिस्टिममध्ये आतूनच असते, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही.

स्क्रीन पूर्ण मागे वळणारा, टॅबलेटसारखा वापरता येणारा लॅपटॉप घ्यावा का? गणिताची पदं हाताने लिहायची असतील, आकृत्या काढायच्या असतील, तर पेनासह नक्की विचार करा. नुसतं ‘टचस्क्रीन आहे’ म्हणून नको. टचमुळे वजन आणि किंमत वाढते, बॅटरी थोडी कमी टिकते आणि काच फुटली की बदलण्याचा खर्च जास्त येतो.

पायरी ६: बॅटरी आणि चार्जर

‘१२ तासांपर्यंत’ हा जाहिरातीतला आकडा उजेड कमी ठेवून, हलका व्हिडिओ लावून काढलेला असतो. त्यापेक्षा बॅटरी किती वॉट-तासांची आहे ते बघा. सामान्य अभ्यासात असा लॅपटॉप साधारण ६ ते ८ वॉट खातो असं धरलं, तर ४० वॉट-तासांची बॅटरी पाच ते साडेसहा तास देते. ५० ते ६० वॉट-तास असतील तर शाळेचा दिवस बिनधोक निघतो. लिथियम बॅटरी वापराने क्षीण होत जाते. तीनेकशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर (एक आवर्तन म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी एकदा वापरून संपणं) मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के उरणं हे अनेक लॅपटॉपमध्ये सामान्य मानलं जातं. पहिल्या दिवशी जेमतेम पुरणारी बॅटरी दोन वर्षांनी पुरणार नाही, हे गृहीत धरूनच निवडा.

चार्जिंग यूएसबी-सी पोर्टमधून होत असेल तर मोठी सोय. ४५ किंवा ६५ वॉटचा कोणताही चांगला पीडी (यूएसबी-सीमधून जास्त वीज देणारा) चार्जर चालतो, हरवला तर सहज मिळतो, आणि जुना घरी, नवा दप्तरात असं करता येतं. गोल पिनेच्या चार्जरला दप्तरातले हिसके सोसत नाहीत. एकच यूएसबी-सी पोर्ट असेल तर चार्जिंग चालू असताना पेन ड्राइव्ह कुठे लावणार, तेही बघा. जुन्या पद्धतीचा एक तरी यूएसबी पोर्ट आणि हेडफोनची जागा असलेली बरी.

वायफाय ६ असलं की गर्दीच्या वर्गात जोडणी तगून राहते. निदान ५ गिगाहर्ट्झ पट्टा तरी हवाच. कॅमेऱ्यावर सरकतं झाकण असेल तर छान.

पायरी ७: नवा की वापरलेला?

तेवढ्याच पैशात स्वस्तातला नवा आणि चांगल्या श्रेणीतला वापरलेला असे दोन पर्याय असतील, तर मी बहुतेक वेळा दुसऱ्याकडे झुकेन. कंपन्यांच्या कार्यालयांसाठी बनवलेल्या मालिका, म्हणजे लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, मुळातच रोजच्या धबडग्यासाठी बांधलेल्या असतात. कीबोर्ड उत्तम, सुटे भाग मिळतात, आणि अनेक मॉडेलांत बॅटरी व एसएसडी स्क्रू काढून बदलता येते. पण तीन तपासण्या केल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा, अथवा लॅपटॉपमधली रायझन ३००० मालिका किंवा त्यापुढचा प्रोसेसर, अशी ढोबळ सीमा आहे. त्याखालच्या यंत्रावर जुगाड करून चढवलेलं विंडोज ११ दाखवतील. मुलाच्या लॅपटॉपवर ती डोकेदुखी नको.

दुसरी, यंत्र जुन्या मालकाच्या कुलपातून सुटलं आहे का. शाळेचं किंवा कंपनीचं क्रोमबुक पूर्ण पुसलं तरी पहिल्या इंटरनेट जोडणीला पुन्हा त्याच संस्थेत नोंदवायला भाग पाडू शकतं. मॅकमध्ये ॲक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप) आणि संस्थेची नोंद, विंडोजमध्ये ऑटोपायलट या संस्थांसाठीच्या सोयीतली नोंद असाच त्रास देते. उपाय एकच: विकणाऱ्यासमोर यंत्र पूर्ण कोरं करा, इंटरनेटला जोडा आणि सुरुवातीची मांडणी शेवटपर्यंत नेऊन बघा. मध्येच एखाद्या संस्थेचं नाव झळकलं तर यंत्र तिथेच ठेवून या.

तिसरी, बॅटरी. विंडोजमध्ये बॅटरी अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसते. मॅकमध्ये आवर्तनांची संख्या, क्रोमबुकमध्ये ‘डायग्नोस्टिक्स’ ॲपमधली बॅटरीची प्रकृती बघा. ७० टक्क्यांच्या आत असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

पायरी ८: हातात घेऊन बघा

नवा असो की जुना, दहा मिनिटं द्या आणि मुलाला सोबत न्या. झाकण उघडताना बिजागरी कुरकुरते का, स्क्रीन डुगडुगते का? एका कोपऱ्याला धरून उचलल्यावर सगळं अंग वाकतं का? कीबोर्डच्या मधोमध बोट दाबल्यावर तळ खचतो का? मुलाला चार ओळी टाइप करायला लावा. त्याच्या हातांना काय वाटतं ते तुमच्या हातांना कळणार नाही. दुकानातला उजेड पूर्ण असतो, म्हणून स्क्रीन अर्ध्या उजेडावर आणून बाजूने बघा. मग पाच-सहा टॅब, एक व्हिडिओ आणि कॅमेरा एकदम चालू करा आणि तळाला हात लावून बघा.

वॉरंटीचा कागद वाचताना वर्षांच्या आकड्याइतकंच ‘कशाची’ हेही वाचा. साधी वॉरंटी उत्पादनातला दोष भरून देते. पडून फुटलेली स्क्रीन त्यात नसते, आणि मुलांच्या लॅपटॉपचं तेच तर होतं. अपघाती नुकसानीचं संरक्षण ही एकमेव जोड-विक्री मुलांच्या बाबतीत गंभीरपणे विचारात घेण्यासारखी आहे. वर्षाला किती वेळा दुरुस्ती, प्रत्येक वेळी पदरचे किती आणि दुरुस्तीच्या काळात बदली यंत्र मिळतं का, ही तीन उत्तरं लेखी घ्या.

पायरी ९: मुलाच्या हाती देण्याआधी

पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करताना पालकाच्या खात्याने प्रवेश करा. प्रशासकाचे अधिकार त्याच खात्याकडे राहू द्या आणि मुलाला साधं खातं बनवून द्या. विंडोज ११ अनेक यंत्रांवर डिस्क आपोआप सांकेतिक (एन्क्रिप्ट) करतं आणि तिची पुनर्प्राप्ती किल्ली प्रशासकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. ते खातं पालकाचं असलं म्हणजे एखाद्या अपडेटनंतर यंत्राने किल्ली मागितली तर धावपळ होत नाही.

मग सगळे अपडेट चढवा, सोबत आलेली चाचणी-मुदतीची अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे. पालक नियंत्रणासाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही: मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी, गूगलचं फॅमिली लिंक, ॲपलचं स्क्रीन टाइम. फॅमिली सेफ्टीमधली साइट गाळण्याची सोय एज ब्राउझरपुरतीच आहे, ही मर्यादा लक्षात असू द्या. नियम मुलाला आधी सांगून लावा. गुपचूप लावलेले नियम मोडायची वाट मुलं आठवड्याभरात शोधतात, आणि ती आपल्याला कळतही नाही.

फाइली आपोआप क्लाउडवर जातील अशी मांडणी करा. अनुक्रमांक आणि पावतीचा फोटो काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, ‘माझं यंत्र शोधा’ ही सोय चालू करा. घरी बसून काम करताना लॅपटॉप उंचावर ठेवून साधा बाहेरचा कीबोर्ड आणि माउस दिला तर मान वाकत नाही.

दोन सवयी पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. दप्तरात ठेवण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, कारण नुसतं झाकण मिटलेला लॅपटॉप कधी कधी दप्तरातच जागा होऊन तापतो आणि शाळेत पोहोचेपर्यंत बॅटरी उतरते. आणि झाकण मिटण्याआधी कीबोर्डवर पेन्सिल राहिली नाही ना, हे बघायचं. फुटलेल्या स्क्रीनचं हे एक नेहमीचं कारण असतं. घरी सतत चार्जरला लावून वापरायचा असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती चालू करा. लांब सुट्टीत बंद ठेवायचा असेल तर बॅटरी अर्धी भरून थंड जागी ठेवा. पूर्ण उतरवून ठेवू नका.